पत्र टाकायला परवानगी

टपालपेटी तुमची, रस्ता लोकांचा. बिल्डरनं भिंत घालून दोन्ही आत घेतली आणि पोस्टमास्तरसाहेब, तुम्ही साधी नोटीस पाठवली नाहीत. टपाल काढायला तुमचा माणूस रोज गेटमधून आत येत होता. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

सत्त्याण्णव साली वासण्याच्या त्या सोसायटीत मी वॉचमन होतो. सेक्रेटरींनी फर्मान काढलं, बाहेरच्यानं पत्र टाकायचं तर रजिस्टरात नाव, पत्ता, पत्र कोणाला, सही. वर मला गुजरातीत म्हणाले, "सेफ्टी माटे, दत्ताजी." म्हणजे सुरक्षेसाठी.

पलीकडच्या चाळीतल्या विजयमालावहिनी दर महिन्याला एक पत्र टाकायच्या. रजिस्टर बघून थबकल्या.

"हे कशाला हो?"

"नियम आहे. लिहा, कोण वाचतंय!"

त्यांनी लिहिलं, मृदुला परमार, सुरत.

मृदुला त्यांची लेक. परजातीत लग्न केलं म्हणून हंबीररावांनी, वहिनींच्या नवऱ्यानं, घरात तिचं नाव घ्यायची बंदी केलेली. चार वर्षं ही बाई चोरून लेकीला लिहीत होती.

त्याच दुपारी हंबीरराव भावाला कार्ड टाकायला आले. सहीसाठी रजिस्टर ओढलं. वरच्याच ओळीत बायकोचं अक्षर.

"कधीपासून चाललंय हे?"

"मला काय माहीत, राव."

"आमचे आजोबा गायकवाडी फौजेत पहाऱ्यावर होते. तू कसला रे पहारेकरी? माझ्या घरातली चोरी तुझ्या वहीत सापडते!"

पुढच्या महिन्यात वहिनी आल्या. मनगटाला पट्टी.

"भाऊ, नाव न लिहिता एवढं टाकू द्या. पोरीचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाला येते म्हणाले होते. आता हे भाजीपुरतंच बाहेर सोडतात. ती वाट बघत राहील हो."

मागं सेक्रेटरी उभे. "सही लई लो, भाई." सही घेऊन टाक म्हणे.

मी रजिस्टर पुढं सरकवलं. हो, मीच. द्या, मागाहून मी टाकतो, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. नोकरी होती.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. पत्र पिशवीत मेथीच्या जुडीखाली दडपलं आणि निघून गेल्या. पुन्हा त्या गेटाशी आल्या नाहीत.

माझा गुन्हा मी सांगितला. आता तुम्ही बोला. सरकारी पेटीत पत्र टाकायला त्या बाईनं परवानगी कुणाची मागायची होती? नवऱ्याची, सेक्रेटरीची, की माझी?