मावशीच्या गाठी

ही बावन्न सालची गोष्ट. वाऱ्यानं शाळेचं छप्पर उचलून नदीपल्याड ठेवलं, तेच वर्ष. त्या वर्षी 'माझंमी' नऊ वर्षांची होती. तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे, कारण वेणी असो की बुटाची नाडी, तिचं पालुपद एकच: "माझं मी करेन!"

तिला सांभाळणारी मावशी छत्र्या दुरुस्त करायची. तिच्या दुकानातल्या छत्र्या उघडल्या की बोलायच्या, आणि नीट शिवलेली छत्री माणसाला अलगद तरंगवायची. म्हणून तिथली रीत अशी, की शिकणाऱ्यानं स्वतः शिवलेली छत्री घेऊन माळ्यावरून उडी मारायची. तरंगला, तर खिडकीजवळचं स्टूल कायमचं त्याचं.

माझंमीला ते स्टूल हवं होतं. काड्यांवर कापड ताणून शिवायचं, तर धरायला दुसरं कुणीतरी लागतंच. हिनं काड्या गुडघ्यांत धरल्या, दातांत धरल्या, पण मावशीला जवळ फिरकू दिलं नाही.

"अगं, मी नुसती धरते."

"नुसतीसुद्धा नको."

छत्री शिवून झाली. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून उडी मारली आणि ती पिसासारखी तरंगली. आनंदानं ओरडणार, तोच डोक्यावरून छत्री म्हणाली, "मावशीचा हात तो मावशीचा हात! काल तू जेवायला गेलीस ना, तेव्हा तुझ्या साऱ्या गाठी सोडून नव्या मारल्या तिनं. अगंबाई! सांगू नको म्हणाली होती."

माझंमीचे पाय जमिनीला टेकले, तेव्हा मावशीच्या टाळ्या थांबल्या होत्या.

"तू पडली असतीस गं."

"मग पडले असते! माझी मी पडले असते! वरून टाळ्या वाजवल्यास, आणि आतून फसवलंस."

तिनं मावशीची गाठन् गाठ कातरली, पुन्हा एकटीनं शिवलं आणि संध्याकाळी माळ्यावर चढली. खाली मावशी हात पसरून उभी. माझंमीनं ते हात पाहिले आणि मुद्दाम बाजूला उडी मारली. छत्री उलटली. पाय मोडला.

पाय जुळेपर्यंत ती मावशीकडे पाठ करून पडून राहिली. मग एका सकाळी लंगडत आली आणि कापड पुढे केलं. "धर. पण मला दिसेल अशी धर."

ती चोंबडी छत्री एका वकिलानं घेतली आणि आठवड्यात परत आणून टाकली. मावशीची नजर म्हातारपणी अधू झाली, तेव्हा तिची सुई ओवण्याआधी माझंमी "ओवू का?" विचारायची, आणि "हो" ऐकल्याशिवाय सुईला हात लावायची नाही. मावशीनं धरलेल्या, तिनं शिवलेल्या छत्रीनं तरंगून स्टूल तिला मिळालं होतं, पुढे दुकानही मिळालं. पण जेवून परतली, की आधी छत्री उलटी करून आतल्या गाठी बघायची. मावशी गेल्यावरसुद्धा.