बारा बटव्यांना एकच तीट

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. काळी, लोखंडी, हाताने चाक फिरवायची. मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका गराजच्या फळीवर, बर्फ ढकलायच्या फावड्याशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आधीच कबूल करते, मी मत्सरी आहे. अंगावर गंज चढायच्या आधीपासून माझ्यावर मत्सर चढलेला आहे.

माझा जन्म लुधियान्याच्या कारखान्यात झाला, पण मला घडवलं साताऱ्याच्या मीनाक्षीताईंनी. लग्न होऊन त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. त्यांनी तीन साड्या काढून भावाच्या हातात दिल्या, मला नाही काढलं. पुढे तीस वर्षं मी पडदे शिवले, पँटी आखूड केल्या, मराठी मंडळाच्या नाटकासाठी सहा अंगरखे एका आठवड्यात उठवले. लेकीच्या, केयाच्या फ्रॉकचा घेर बघून बायका विचारायच्या, “कुठल्या स्टोअरचा गं?” मग मीनाक्षीताई नुसत्या हसायच्या. तेवढं कौतुक मला वर्षभर पुरायचं.

मग सवत आली.

केया नोकरीला जर्सी सिटीला गेली आणि तिने आईच्या वाढदिवसाला ती पांढरी मशीन पाठवली. तिला पडदा, तिला दिवा, तिच्या पोटात दोनशे नक्ष्या. “आई, जस्ट बटन दाब. नावंसुद्धा भरते ती,” केया फोनवर म्हणाली.

“आणि हिचं काय करू?”

“गराज?”

एका शब्दात माझा निकाल लागला.

आमच्या शेजारी लुदा राहते. ती मूळची रशियातली. तिचा मुलगा अंतोन इथल्याच एका मोटार कंपनीत कामाला होता. त्याच्या जन्मदेशाने युक्रेनवर युद्ध लादलं तेव्हा तो नोकरी सोडून युक्रेनला गेला आणि आपल्याच सरकारविरुद्ध लढणाऱ्या रशियन स्वयंसेवकांच्या टोळीत सामील झाला. ही माणसं गाड्यांतून सीमा ओलांडतात, पलीकडची एखादी चौकी, एखादं खेडं दिवसभर धरून ठेवतात, झेंड्यासोबत व्हिडिओ काढतात आणि मागे फिरतात. सगळीच फिरत नाहीत. लुदाची सख्खी बहीण त्याच पलीकडच्या भागात राहते. ती एकदा फोनवर म्हणाली, “तुझा मुलगा येतो, म्हणून आम्ही तळघरात बसतो.” त्यानंतर तिचा फोन नाही.

एका दुपारी लुदा जाड कॅनव्हास घेऊन आली. अंतोनला कमरेला बांधायला औषधपट्टीचा बटवा हवा होता. विकतचे मोठे असतात, गाडीतून उडी मारताना अडकतात. सवतीने तिसऱ्या पदरावर दोन सुया मोडल्या आणि पडद्यावर क्षमा मागितली. गराजचं दार उघडलं. मी चारही पदर एका दमात शिवले!

सवतीची समजूत म्हणून तिच्याकडून निळ्या दोऱ्याने नाव भरून घेतलं. लुदाने ते ब्लेडने उसवलं. “नाव नको. तो पकडला गेला तर तिकडच्या नातेवाइकांना भोगावं लागेल.” मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही.

“पण लेकरू असंच कसं पाठवायचं?” मीनाक्षीताई म्हणाल्या आणि माझ्याकडून बटव्याच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा कापडी ठिपका शिवून घेतला.

“हे काय?”

“तीट. नजर लागू नये म्हणून बाळाच्या गालाला लावतो आम्ही.”

“तो एकतीस वर्षांचा आहे, मीनाक्षी.”

“मग काय झालं?”

तीन आठवड्यांनी लुदा फोन नाचवत आली. टोळीचा व्हिडिओ होता. नातेवाइकांच्या भीतीने सगळ्यांचे चेहरे पुसट केलेले. पण गाडीत चढणाऱ्या एकाच्या कमरेला तीट होती. “हा माझा! हा परत आला!” तिने माझ्या थंडगार चाकाचा मुका घेतला. सवतीचा कुणी घेतला नाही.

मग अंतोनचा निरोप आला. मित्र आधी हसले, आता सगळ्यांनाच तसला बटवा हवाय. आणखी अकरा.

“तीटही सगळ्यांना लावते,” मीनाक्षीताई म्हणाल्या. “एकाला लावायची आणि बाकीच्यांना नाही, शोभतं का? त्यांनाही आया असतीलच.” लुदाने मान डोलावली. मला तर अकराच काय, एकशे अकरा चालले असते. एकसारखे, एका मापाचे, ठिपका त्याच कोपऱ्यात. बारांत तिळाएवढा फरक नव्हता. केवढी फुगले होते मी!

पुढच्या वेळी व्हिडिओत चौघेजण एकाला चादरीत घालून गाडीकडे नेत होते. चेहरा पुसट. कमरेची तीट स्पष्ट.

“कुणाचा?” लुदाने विचारलं. मीनाक्षीताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार?

चार दिवस अंतोनचा फोन नाही. लुदा आमच्याच टेबलाशी बसून असायची. एका दुपारी केयाचा फोन आला, स्पीकरवर. “आई, यार, इथलं पार्किंग इतकं डिस्गस्टिंग आहे ना! आय कान्ट!”

लुदाने विचारलं, काय म्हणते? मीनाक्षीताईंनी सांगितलं.

“तुझी मुलगी पार्किंगवरून रडते,” लुदा म्हणाली. “मला तुझा इतका हेवा वाटतो, की कधीकधी तुझं तोंड बघवत नाही.”

मीनाक्षीताईंनी तिच्या पुढ्यात चहा ठेवला आणि तिथेच बसून राहिल्या. मित्रांनो, मी आयुष्यभर मत्सर केला, पण त्या दुपारी माझा मत्सर मला खेळण्यातला वाटला.

पाचव्या दिवशी अंतोनचा फोन आला. तो जिवंत होता. गेला तो त्यांच्यात स्वयंपाक करणारा. त्याची आई सीमेपलीकडे राहते, तिला काही पाठवता येत नाही. म्हणून त्याचा बटवा ट्रॉयला आला, धुतलेला, एक बंद तुटलेला. “माझ्या तोंडून आधी ‘बरं झालं’ निघालं,” लुदा तो बटवा मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा सांगत होती. “त्या बाईला कधी कळायला नको.”

तो बंद मीनाक्षीताईंनी माझ्यावर शिवला. कुणी वापरणार नव्हतं, तरी शिवला. मला दिवा नाही, आणि त्यांची नजर आता अधू झालीय. म्हणून त्यांनी सवतीला माझ्या शेजारी ठेवून तिचा दिवा लावला. उजेड चांगला पडतो तिचा. सांगून टाकते एकदाचं.

अंतोन अजून सीमेपलीकडे जातो-येतो. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर वर्षातून एकदा तिला तेल घाला, आणि आईला फोन करा, पार्किंगची तक्रार असली तरी चालेल. लुदा घरात असली, की मीनाक्षीताई फोन घेऊन गराजमध्ये येतात, माझ्या चाकावर हात ठेवून उभ्या राहतात आणि केयाची सगळी तक्रार हळू आवाजात ऐकून घेतात.