पट्टीवरची रेघ

“ताई, हलू नकोस गं. रेघ वाकडी जाईल.”

“पोटावर काय काढतेस?”

“नकाशा.”

ताई गुंगीतच हसली. दुपारचा उजेड पडद्यातून झिरपून तिच्या अंगावर पसरला होता आणि वॉर्डातले आवाज लांबच्या गावातून आल्यासारखे वाटत होते. ऑपरेशननंतर पट्टीवर रक्ताचा डाग उमटला की मी त्याच्या अगदी कडेने पेनाने रेघ ओढते, शेजारी वेळ लिहिते. तासाभराने डाग रेघेच्या आत असला तर वहीत ‘पाझर’ लिहायचं. बाहेर आला असला तर ‘रक्तस्राव’, आणि लगेच सर्जनना फोन. पंचवीस वर्षं मी हेच करतेय. घरच्या माणसाला आपण बघायचं नसतं, हेही पंचवीस वर्षं ऐकतेय. तरी हट्टाने ही खाट मागून घेतली.

दोन वाजता पाहिलं. डाग रेघेच्या आतच होता. माझा जीव भांड्यात पडला. मी ‘पाझर’ लिहिलं आणि ताईचे केस सारखे केले.

“लहानपणी अंगणात हद्द तूच आखायचीस,” ती डोळे मिटूनच पुटपुटली. “स्वतःची चांगली ऐसपैस. लबाड कुठली. आऊटच व्हायची नाहीस.”

मी पुन्हा पट्टीकडे पाहिलं. एक वाजता डाग आणि रेघ यांच्यामध्ये मी दोन बोटं जागा सोडली होती. का सोडली, ते मला तेव्हाही माहीत होतं. आता ती सगळी जागा लाल झाली होती.

‘पाझर’वर एकच आडवी रेघ मारली, सही केली, खाली ‘रक्तस्राव’ लिहिलं आणि फोन उचलला.

सर्जन आले. पट्टी पाहून म्हणाले, “इतक्या लांबून कुणी आखलं हे?”

“मी. माझी बहीण आहे ती.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. “तुम्ही बाहेर बसा आता,” एवढंच म्हणाले.

ताईला पुन्हा आत नेलं. नातेवाइकांच्या बाकावर एका आजोबांनी सरकून मला जागा दिली. “तुमचं कोण?” त्यांनी विचारलं.

“मोठी बहीण.”

किती वेळ गेला कोण जाणे. दार उघडून माझ्याच हाताखाली शिकलेली नर्स बाहेर आली. मी उठले. कामाचा एकही शब्द मला आठवेना.

“थांबलं का गं?” मी विचारलं.