पुसलेल्या शेपट्या

सकाळचे दहाही वाजले नव्हते आणि खाम्पेंग मावशी आपले कुंचले धुवायला बसली. कारखान्यात कुंचले धुतले जातात ते संध्याकाळी. ओळीतल्या बाकीच्या बायकांचे हात थबकले.

"मावशी, बरं नाही का?" रम्फाईने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? घरी चाललेय. शेपट्या काढणारं माणूस तुझ्याकडे दुसरं आहेच की. पहाटे येतं वाटतं."

रम्फाईचे कान तापले.

लाम्पांग शहरात कोंबड्याच्या चित्राचा वाडगा एकटीने कुणी रंगवत नाही. एक जण कोंबड्याची लाल मान आणि अंग रंगवते, दुसरी केळीची पानं, तिसरी गुलाबी फूल, चौथी गवत. वाडगा फळीवरून पुढे सरकत जातो आणि शेवटी त्याला काळे पाय आणि काळी शेपूट मिळते. ही शेपूट मात्र बाबाच काढत. एका दमात तीन फटकारे. मधला जरा लांब, खाली झुकलेला, कोंबडा नुकताच कुठून तरी भिजून आल्यासारखा. रम्फाई तेरा वर्षांची असताना त्यांनी तिचा हात हातात धरून ते फटकारे शिकवले होते.

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. माती, लाकूड, गिऱ्हाइकं, भट्टी सगळं तिच्यावर आलं होतं आणि वर रोजच्या शेपट्या. बिनशेपटीच्या कोंबड्यांच्या फळ्या भिंतीला लागल्या, भट्टीचे दोन वार चुकले. तशात देवळातल्या मोठ्या जेवणासाठी आठशे वाडग्यांचं काम आलं. तेव्हा तिनेच सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मावशी, शेपूट आजपासून तुमच्याकडे."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती ओलं फडकं घेऊन आली होती. झिलईवरचा रंग भट्टीत जाईपर्यंत पुसता येतो. मावशीच्या शेपट्या पुसून तिने त्या जागी आपल्या काढल्या. त्यानंतर रोजच.

"किती पुसल्यास?" मावशीने विचारलं.

"थोड्याच."

"सुपिन, सांग गं हिला, थोड्याच म्हणजे किती."

गवत काढणारी सुपिन खाली बघत म्हणाली, "सगळ्याच, ताई. परवाच्यापण."

"माझी शेपूट वर जाते, तुझी खाली पडते," मावशी म्हणाली. "आपलं पोर कुठलं आणि शेजारणीचं कुठलं, एवढं अजून कळतं मला. तुला काय वाटलं, आम्ही आंधळ्या आहोत?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"तुमची वाईट नाहीये, मावशी."

"मग?"

मावशीने कुंचले टोपलीत ठेवले, वर जेवणाचा डबा ठेवला. ती गेली तर सुपिनही जाणार, आणि मग बाकीच्याही. हे रम्फाईला कळत होतं.

"मी नाही काढली तर बाबांची शेपूट संपेल," ती हळूच म्हणाली. "माझ्या हातात त्यांचं तेवढंच उरलंय."

मावशी टोपली धरून उभी राहिली.

"संपेल," ती म्हणाली. "संपणारच. मी काढेन ती माझीच होणार, त्याला इलाज नाही." मग ती जरा टेकली. "तुझ्या बापाने लाल अंग माझ्याकडे दिलं ना, तेव्हा महिनाभर माझ्या मानेवर श्वास टाकत उभा असायचा. शेवटी मी कुंचला त्याच्याच हातात दिला. म्हटलं, दादा, एक तर तुम्ही बसा नाहीतर मी बसते. उठला, सायकल काढली, बाजारात गेला आणि तीन बदकं घेऊन आला. रिकामं राहवेना! दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तुझी आई रडायचीच बाकी होती."

"ती बदकं माझ्यासाठी आणली होती. मी हट्ट केला म्हणून."

"तुझ्यासाठी? अकरा बदकं?"

आता सगळ्याच हसल्या. रम्फाईलाही हसू आवरेना.

"पण परत आला नाही गं बघायला. पंचवीस वर्षांत माझ्या एका मानेवर फडकं फिरवलं नाही. आणि चांगली झालीय, असंही कधी म्हणाला नाही, मेला," मावशी बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "शेपूट तेवढी सोडवली नाही त्याला," ती हळू आवाजात म्हणाली. "ती तुझ्यावर टाकून गेला. आता बोल. ओळीत बसू का घरी जाऊ? माझं दोन्हीला हो आहे. पहाटेचं फडकं मात्र चालायचं नाही."

भिंतीपाशी पहाटेची फळी होती. चाळीसएक कोंबडे, खाली झुकलेल्या शेपटीचे.

"आणि या?"

"त्या राहू दे. त्या त्याच्या. पुढच्या माझ्या."

रम्फाईने काळ्या रंगाची वाटी उचलून मावशीच्या जागेसमोर ठेवली. मावशीने टोपलीतून कुंचला काढला, पण रंगात बुडवला नाही.

"तू इथं थांबू नकोस."

"मग कुठे जाऊ?"

"मला काय विचारतेस? मालकीण तू. बदकं सोडून काहीही आण."

ती बाहेर आली आणि भट्टीपाशी रचलेल्या लाकडांवर बसली. आत सुपिन काहीतरी म्हणाली, कुणी हसलं, आणि मावशीचा चढा आवाज सगळ्यांच्या वर आला. तीन महिन्यांत हा गलबला झालाच नव्हता, आणि तो बंद पडलाय हेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

लहानपणी शाळा सुटली की ती इथेच येऊन बसायची. शेपट्यांची वेळ होईपर्यंत बाबा इथे शेंगा सोलत असत, दाराकडे पाठ करून. आत हशा पिकला की ती विचारायची, "बाबा, काय झालं हो आत?" बाबा सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवत. "आपल्याला काय करायचंय? हसताहेत म्हणजे हात चाललेत."

आत पुन्हा हसणं झालं. मान वळवायचा मोह रम्फाईला झाला. ती तशीच सरकत सरकत फिरली आणि दाराकडे पाठ करून बसली.