ओकुमुराचं बालपण

वैशाखात कापूस संपतो आणि सरकी काढायचा जिनिंग कारखाना मुका होतो. अकोल्यातली तशीच एक मुकी शेड विहार समितीनं बुद्धपौर्णिमेच्या दुपारी मागून घेतली होती. दारांना तरटं लावून आत अंधार केला होता. धम्मदीक्षेला तिसरं वर्ष चालू होतं. बुद्धाला मानणाऱ्या जपान देशाचा सिनेमा येणार म्हणून सगळी वस्ती जमिनीवर मांडी घालून बसली होती.

पडद्याशेजारी छडी घेऊन मोतीराम मास्तर उभे होते. जपानी कुणाला कळणार? रिळांसोबत आलेला इंग्रजी कागद वाचून गोष्ट त्यांनी सांगायची होती, आणि त्याआधी दिग्दर्शकाचं चरित्र. पण चरित्राचा भाग वाळवीनं खाल्ला होता. उरलं होतं एवढंच : नाव ओकुमुरा. जन्म नदीकाठी. बावीस सिनेमे. कॅमेरा जमिनीवर ठेवतो, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतका.

"अन् ल्हानपनी कसा होता तो?" पहिल्या रांगेतून चतुराबाईनं विचारलं. "बुद्धाच्या देशातला हाये, आपलाच म्हना."

गरिबी, कंदिलाखालचा अभ्यास, असं काहीबाही सांगायचं मास्तरांनी ठरवलं. तोंडातून भलतंच आलं. "त्याले एक ल्हान बहीन होती. आई कामाले गेली का तोच तिले सांभाळे. एकदा पुराच्या पान्यात दोघं उतरले. त्यानं तिचा हात धरला होता. मंग सोडला. सुटला नाई, भेव वाटलं म्हून सोडला. आईले सांगतलं, ते एकलीच गेलती."

चतुराबाईला लागून मास्तरांची माय बसली होती, केशरबाई. बारा वर्षांमागं मोर्णा नदीच्या पुरानं तिची सहा वर्षांची लेक शालू नेली. एकटीच गेली होती शालू. मोतीरामनंच तसं सांगितलं होतं.

मागं सिनेमाच्या मशीनवर बसलेल्या देवमननं ते चालू केलं. उजेडाच्या झोतात कापसाचे तंतू खालून वर, खालून वर जाऊ लागले.

कागदावर गोष्ट होती एका म्हाताऱ्या शिंप्याची. पडद्यावर नदी आली. चढलेलं पाणी, काठावर एक पोरगा आणि त्याचा हात धरून पाठमोरी पोरगी.

"शिंपी कुठी हाये, मास्तर?" मागून कोणी हसलं.

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. पोरीच्या एका पायात तोरडी होती, दुसरा पाय ओका.

"जपानातबी तोरड्या घालतेत काय वं?" चतुराबाई म्हणाली. "अन् एकच? गरीब अशीन बापा."

दुसरी तोरडी त्या दिवशी शालूला टोचत होती. तिनं ती काढून भावाच्या हाती दिली, आणि त्यानं ती काठच्या निरगुडीखाली पुरली. त्याच्यावाचून हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

नदी गेली, घर आलं; कोपऱ्यात तोच पोरगा, एकटा. एक बाई समोर येऊन बसली. कॅमेरा जमिनीवर, त्यामुळं तिची नजर थेट पहिल्या रांगेवर. तिनं दोन शब्द विचारले आणि ती थांबली.

थांबलीच.

"देवमन, अडकलं काय?"

"चालून राह्यलं ना. पाहा."

खरंच होतं. बाईमागच्या भांड्यातून वाफ निघत होती. बाई फक्त वाट पाहत होती. अंधारात केशरबाई जात्यावरची ओवी पुटपुटू लागली :

मोर्नाबाई तुहं पानी, कोन्या देसाले जाते
माह्या मयनेची हाक, कोन कानात ठेवते

"काय विचारते ते बाई?" चतुराबाईनं टोकलं.

"ते विचारते, तू कुठी होता?" मास्तर म्हणाले.

"मंग पोरगा काय म्हन्ते?"

पोरग्याचं तोंड मिटलेलं होतं. तो पडद्यातून मास्तरांकडं पाहत होता.

"तो म्हन्ते," मास्तरांचा आवाज पोरासारखा बारीक झाला, "माय, मी संगच होतो. हात म्याच सोडला."

बाईनं पापण्या खाली घेतल्या. लगेच एक म्हातारा सुईत दोरा ओवत आला. "आला पाहा शिंपी," लोक म्हणाले आणि सैलावून बसले.

केशरबाई उठली. "मोत्या, बाहीर चाल. लोकायले पाहू दे."

मास्तरांनी छडी भिंतीला टेकवली.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. माय रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कोन्या हातानं?"

मास्तरांनी उजवा हात पुढं केला. तिनं तो धरला आणि चालू लागली, घराकडं नाही, मोर्णेकडं. रस्ता तापून वितळत होता. मास्तरांच्या हातातला हात मात्र पुराच्या पाण्यासारखा गार होता. गार, आणि लहान. सहा वर्षांच्या पोरीच्या हाताएवढा.

मास्तरांनी खाली पाहिलं नाही. बोटं घट्ट मिटून ते चालत राहिले.