शंभराव्या मिनिटाचा भोंगा

सिनेमा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठा पडदा, गर्दी आणि शिट्ट्या येतात. मीही सिनेमाच आहे, पण माझा मुक्काम सध्या बोईसरमध्ये धीरजच्या फोटो स्टुडिओत, लग्नाच्या अल्बमांच्या कपाटात, एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये आहे. पडद्यावर मला नेमून दिलेलंच बोलता येतं. आज पडदा नाही, म्हणून थोडं मनातलं बोलतो.

माझं नाव ‘किनारा २०९६’. लांबी दोन तास दोन मिनिटं. विज्ञानकथा आहे, मारामारी आहे, एक गाणंही आहे. आजवर मी एकदाच लोकांसमोर आलो, आणि शेवटपर्यंत मला एकाच बाईने पाहिलं.

मला जन्माला घातलं जितेशने. तो कोळगावचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कंपनीत, तो कंट्रोल रूममध्ये पॅनलवर बसायचा. त्याच्याच शिफ्टला पंढरी होता. पंढरी नांदेडकडचा. बोईसरला खोली घेऊन तो आईसोबत राहायचा, आणि त्याची आई मैनाबाई कामगारांचे डबे करायची. जितेशचं घर फार लांब नव्हतं, तरी दुपारी तो पंढरीबरोबर मैनाबाईंच्याच डब्यातलं जेवायचा.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी त्या कंपनीत रिअ‍ॅक्टर फुटला. पंढरी दुसऱ्या मजल्यावर होता. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. भोंगा वाजवायला वेळच मिळाला नाही, असं पुढे चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी जितेशने एका वहीत मला लिहायला घेतलं. तोवर त्याने वाढदिवसाचा व्हिडिओसुद्धा काढला नव्हता.

माझी गोष्ट ऐका. साल २०९६. उष्णतेवर जगणारे यंत्रराक्षस समुद्रातून तारापूरच्या किनाऱ्यावर चाल करून येतात. सगळा किनारा ‘महासाहेब’ नावाच्या संगणकाच्या ताब्यात असतो. त्याच्या परवानगीशिवाय दारही उघडत नाही. माझा नायक एक साधा ऑपरेटर. राक्षस आत शिरलेले त्याला दिसतात, महासाहेब मात्र पडताळणी चालू आहे, थांबा, म्हणत राहतो. शेवटी नायक कोणालाही न विचारता भोंग्याचं बटण दाबतो, आणि सगळी माणसं वाचतात.

कल्पना मोठी होती, हे माझे शत्रूही मान्य करतील. खिसा मात्र लहान होता. राक्षस बनवले ते कंपन्यांतून टाकून दिलेल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमांचे. ड्रम कापायचे, हातापायांसाठी भोकं पाडायची, वरून चंदेरी रंग मारायचा आणि आत माणूस घालायचा. मे महिन्यात चित्रीकरण. आतला एक बिहारी कामगार दर पाच मिनिटांनी ओरडायचा, “भैया, साँस नहीं आती इसमें!” त्याचं ते ओरडणं पुसायचं राहून गेलं. एकविसाव्या मिनिटाला समुद्रातून आलेला राक्षस शुद्ध हिंदीत तक्रार करतो.

नायक झाला मिथुन. दिवसभर वेल्डिंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जगाला वाचवायचा. एकतिसाव्या मिनिटाला त्याची मिशी गायब होते आणि चौतिसाव्याला परत येते, कारण मध्ये त्याचं लग्न झालं आणि सासरच्यांना मिशी आवडत नव्हती. गाणं केळव्याच्या सुरूच्या बनात घेतलं. ते कशासाठी आहे, हे मला आजही ठाऊक नाही. संगणकावर काढलेल्या सगळ्यात मोठ्या राक्षसाचे पाय जमिनीला लागत नाहीत. तो धीरजने काढलाय आणि धीरजला त्याचा अभिमान आहे, म्हणून मी गप्प बसतो.

पण धीरज एका गोष्टीसाठी रोज डोकं आपटायचा.

“अरे, अ‍ॅक्शन पिक्चर हाय आणि एक पण स्फोट नाय? लोकं शिव्या घालतील आपल्याला.”

“नाय टाकायचा,” जितेश म्हणायचा.

“छोटासा तरी? मी फुकट करतो.”

“नाय म्हटलं ना.”

एवढा मोठा युद्धाचा सिनेमा, पण त्यात साधा फटाकाही फुटत नाही. ही माझी सगळ्यात मोठी उणीव, असं ज्याने त्याने म्हटलं.

आणि माझं बळ? ते एकच, पण अस्सल. माझा भोंगा. राक्षस खोटे, आकाश खोटं, मिशी अर्धी खोटी, पण भोंगा खरा. कंपन्यांमध्ये दर महिन्याला सराव होतो, तेव्हा धीरजने कुंपणाबाहेर उभं राहून तो टिपला होता. पहिल्यांदा तो माझ्यात घातला तेव्हा स्टुडिओतली काच थरथरली होती. मला वाटलं, बस, याच्या जोरावर आपण तरून जाणार.

एका रविवारी दुपारी बोईसरच्या एका मंगल कार्यालयात माझा पहिला खेळ लागला. दोनशे माणसं आली. कामगार, त्यांच्या बायका, पोरं, काही घाटाखालून तर काही घाटावरून आलेली. चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मैनाबाई होत्या. चित्रीकरणाच्या दिवसांत सगळ्यांना जेवू घातलं ते त्यांनीच. सिनेमातल्या एका कामगाराचं नाव पंढरी ठेवलंय, एवढंच जितेशने त्यांना सांगितलं होतं.

खरं सांगतो, मी इतका खूश कधीच नव्हतो. लोक हसत होते. नको तिथे हसत होते, पण बघत होते. मिशी गेली तेव्हा शिट्ट्या पडल्या. हिंदी बोलणाऱ्या राक्षसाला टाळ्या मिळाल्या. हळूहळू मात्र हसू कमी झालं. महासाहेब थांबा, थांबा म्हणू लागला तेव्हा मागून एकजण ओरडला, “आमच्या मॅनेजरचा आवाज हाय ह्यो!” आणि मग कोणीच हसलं नाही. ते माझ्यात शिरले होते. सिनेमाला याहून जास्त काय हवं असतं?

शंभरावं मिनिट आलं. मिथुनने बटण दाबलं. भोंगा वाजला.

तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा फिटर सगळ्यात आधी उठला. त्याने रुमाल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि नाकाला लावला. त्याच्यामागे त्याची रांग उठली. मग सगळेच उठले. किंकाळी नाही, ढकलाढकली नाही. वर्षानुवर्षं सराव केलेली माणसं ती. पोरांना उचललं, म्हाताऱ्यांचा हात धरला, बाहेर जाऊन समोरच्या कंपनीच्या छपरावरची नारिंगी कापडी पिशवी वारा कुठे फुगवतोय ते पाहिलं, आणि वायू गळल्यावर करायचं तसं, वाऱ्याला आडवे होऊन चालू लागले. तीन मिनिटांत कार्यालय रिकामं झालं.

मी मागून ओरडत राहिलो. म्हणजे माझा भोंगा ओरडत राहिला. मी जितका ओरडलो तितके ते भराभर दूर गेले.

जितेश त्यांच्यामागे धावला. “अरे, थांबा! सिनेमातला भोंगा हाय! खोटा हाय!” पण भोंगा खोटा आहे असं कोणी सांगितलं तर थांबायचं नाही, हेच तर त्यांना शिकवलेलं. मैदानात पोचल्यावर खरं काय ते कळलं, तेव्हा सगळ्यांचा पारा चढला. मिथुनची बायको स्वाती मुलीला कडेवर घेऊन उभी होती. ती तिथे जितेशला जे बोलली ते मिथुनने नंतर स्टुडिओत सांगितलं.

“भोंग्याशी मस्करी करतात का, भावजी?”

परत कोणीच आलं नाही.

इकडे मी चालूच होतो. समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, जमिनीवर सांडलेले शेंगदाणे, एका पोराची चप्पल. माझी सगळ्यात मोठी लढाई सुरू होती आणि मिथुन एकटा नऊ ड्रमांशी झुंजत होता. इतकं एकटं मला कपाटातही कधी वाटलं नाही.

तेवढ्यात जितेश परत आला. घामाने निथळत होता. लॅपटॉप बंद करायला त्याने हात पुढे केला.

“चालू दे की. मी बघायलेय,” चौथ्या रांगेतून आवाज आला.

मैनाबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

“मावशी? भोंगा वाजला तरी तुमी उठला नाय?”

“पंढरी गेल्यापासून भोंग्याला मी उठत न्हाई.”

जितेश त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. मग मैनाबाई म्हणाल्या, “त्या पोरानं कुणालाच इचारलं न्हाई.”

“कोणी?”

“तुझ्या सिनेमातल्या मिशीवाल्यानं. सरळ बटन दाबलं. असं चालतं व्हय कंपनीत, न इचारता?”

“चालतं. तसंच करायचं असतं, मावशी.”

“मंग त्या दिवशी बटनापाशी कोण होतं?”

मला हे वहीच्या पहिल्या पानापासून ठाऊक होतं. त्या पानावर गोष्ट नव्हतीच. नुसत्या वेळा लिहिल्या होत्या, मिनिटं आणि सेकंद. पण सिनेमाला आपल्या कर्त्याच्या तोंडचं बोलता येत नाही.

“मी होतो,” जितेश म्हणाला. “दाबाचा काटा चढत होता. आदल्या महिन्यात माझ्या हातून चुकीचा भोंगा वाजला होता. सगळी कंपनी बाहेर आली. मला मेमो दिला, पोरं हसली. म्हणून मी आधी इन्चार्जला फोन लावला. त्यानं उचलला नाय. मग मी परत लावला.”

“दोनदा?”

“दोनदा. तेवढ्यात झालं. चौकशीत मला कोणी इचारलं नाय, आणि मी पण बोललो नाय.”

मैनाबाईंचा चेहरा मला नीट दिसत होता, कारण त्यावर माझाच उजेड पडत होता. निळा, लाल, परत निळा. अशा वेळी कुठल्याही शहाण्या सिनेमाने गप्प बसावं. पण माझ्यात ढणाढणा संगीत वाजत होतं, ड्रम कोसळत होते, आणि मला लाज वाटत होती.

पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, “अजून किती ऱ्हायलंय?”

“अकरा मिनिटं.”

“मंग बघू दे.”

जाणकार बघतील तर माझा शेवट फार ताणलाय म्हणतील. राक्षस हरल्यावर सहा मिनिटं नुसती माणसं कंपनीच्या फाटकातून बाहेर येतात. एकेक चेहरा. ना मारामारी, ना संवाद. त्यात पंढरी नावाचा पोरगा येतो, खांद्याला डब्याची पिशवी. ते काम मिथुनच्या चुलतभावाने केलंय आणि त्याला अभिनयाचा गंधही नाही. तो थेट कॅमेऱ्यात बघतो, तोंड पुसतो आणि म्हणतो, “भूक लागली.”

मैनाबाईंनी ते सगळं पाहिलं. पदर डोळ्यांना लावला नाही. जितेश मात्र ती अकरा मिनिटं मान खाली घालून, गुडघ्यांवर हात दाबून बसला होता.

शेवटची नावं वर सरकली आणि मी संपलो. मैनाबाई खुर्चीला धरून उठल्या.

“माझा पंढरी असा रमत-गमत चालत नव्हता. घाईनं चालायचा,” त्या म्हणाल्या. दाराजवळ जाऊन थांबल्या, पण वळल्या नाहीत. “सिनेमा चांगला केलास. उद्यापासून डबा दुसरीकडं बघ.”

चार वर्षं जितेश त्यांच्या हातचं खात होता. रोज डबा उघडताना तो मनातल्या मनात काय म्हणत असेल, हे मला कधीच कळलं नाही. त्या दुपारी तो खुर्च्या एकावर एक रचत बसला. त्या रचायचं काम त्याचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तो पालघरला जिल्हा कार्यालयात गेला आणि वहीतल्या वेळा, दोन्ही फोनच्या वेळांसकट, कागदावर लिहून सहीनिशी देऊन आला. कंपनीतलं काम सुटलं. आता मनोरला हमरस्त्यालगतच्या एका गोदामात असतो म्हणे. स्टुडिओत येत नाही. डिस्क परत नेली नाही, आणि माझं काय करायचं असं धीरजने फोनवर विचारलं तर म्हणाला, “तुला वाटेल ते कर.”

धीरजला जे वाटतं ते मला ठाऊक आहे. त्याला भोंगा काढायचाय, कारण लोकांनी दटावून ठेवलंय. शेवट दोन मिनिटांवर आणायचाय. आणि बटण दाबायच्या जागी एक दणदणीत स्फोट घालायचाय. मग मी नेटवर चालेन, असं त्याचं म्हणणं. कदाचित चालेनही. हजारो माणसं बघतील, आणि त्यांच्यातलं कोणी जागचं उठणार नाही.

म्हणून ही विनवणी. धीरजला नाही, तो भला माणूस आहे. जितेश, तुला. एकदा ये. मोठ्या पडद्याची गरज नाही, इथल्या छोट्या स्क्रीनवर भागेल. तुझ्याच सिनेमाचा शेवट तू पाहिलेला नाहीस; धीरजने तो जोडला तेव्हाही तू बाहेरच थांबला होतास. मला कापायच्या आधी एकदा मान वर करून बघ. सहा मिनिटं लागतात, थोडं कंटाळवाणं आहे, मान्य आहे. फाटकातून एकेक जण बाहेर येतो, आणि तू मोजलेस ना, तर एकही कमी भरत नाही.