लाल खडूने पाडलेली खांड

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, फळ्याला काळीज नसतं असं तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेलं असेल, तर परीक्षेत तसंच लिहा. पण त्या दिवशी माझ्या लाकडात जे धडधडलं ते काय होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

सातवीत शिकणाऱ्या इक्राच्या पणजोबांचा एक मचवा होता. धरमतरच्या खाडीतून तो मीठ आणि कौलं वाहायचा. मचवा थकला तेव्हा सखा सुताराने त्याच्या फळ्या तासून मला घडवलं, काळा रंग चढवला आणि जिते गावाच्या पलीकडे, खाडीकाठच्या आमच्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर ठोकलं. रस्त्याकडे तोंड करून लटकल्यामुळे मी अर्धा शाळेचा आणि अर्धा गावाचा झालो. पांढऱ्या खडूने मुलं सुविचार लिहीत. लाल खडू मात्र फक्त बंधाऱ्यासाठी होता.

आमची भातशेती खाडीपेक्षा सखल. मधे मातीचा बंधारा आहे म्हणून गाव आहे. उधाणाच्या भरतीला बंधाऱ्याला भगदाड पडलं, की म्हणायचं खांड पडली, आणि ती बुजवायला घरटी एक माणूस धावायचा, त्याला म्हणायचं जोळ. माझ्यावर लाल अक्षर उमटलं, की ताटावरचा माणूस उठायचा. काय तो माझा रुबाब होता.

मग दिवस पालटले. बंधाऱ्यावर यंत्रं येऊ लागली. बाप्ये कंपनीत शिफ्टला गेले, कोणी आखातात गेले, कोणी हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला लागले. लाल खडू कुठे हरवला कोणास ठाऊक. माझ्यावर वाढदिवसाचे फलक ठोकले गेले. एक बकरी रोज येऊन माझ्या कोपऱ्याला पाठ घासायची. तेवढीच काय ती माझी विचारपूस.

आसावरीबाई सातवीच्या वर्गावर आल्या आणि माझं नशीब उघडलं. त्यांनी फलक उपटले, मला नवा रंग दिला आणि मुलांना एक शिस्त लावली : आधी विचारा, मग लिहा. मुलं घरोघर जाऊन जुन्याजाणत्यांना प्रश्न विचारत, मिळालेली माहिती वर्गात मांडत आणि मग त्यावर कल्पनेने काही लिहून माझ्यावर उतरवत. लोक थांबून वाचू लागले. मी पुन्हा ताठ झालो.

एका सोमवारी बाईंनी विषय दिला : बंधारा फुटला तर? माहिती काढायला इक्रा बायजाबाईकडे गेली. बायजाबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, जोळाला डोक्यावरून चिखल वाहिलेली. इक्रा मुळात चिकट. जोळाची सूचना कशी लिहायची, कोणत्या रंगात लिहायची, सगळं तिने विचारून घेतलं.

अमावास्येच्या सकाळी तिने माझ्यावर पांढऱ्या खडूने मथळा लिहिला, 'कल्पना करा, असं झालं तर'. आणि खाली लाल खडूने, ठसठशीत अक्षरांत : 'बंधाऱ्याला खांड पडली हाय. उधाणाचं पानी आत येतंय. घरटी एक मानूस जोळाला चला.'

मला ते अक्षर लागलं आणि मी शहारलो. बंधारा जागेवर आहे हे मला ठाऊक होतं, तरीही.

गणपतीच्या कारखान्यात कामावर निघालेल्या विशालने मोटारसायकल थांबवली. त्याने मोबाईल काढला आणि नेमक्या लाल ओळींचा फोटो घेतला. पांढरा मथळा चौकटीबाहेर राहिला. फोटो गावाच्या ग्रुपवर पडला, आणि मित्रांनो, पुढे जे झालं त्याने माझी बोबडीच वळली असती, बोलता येत असतं तर.

चुलीवरची भांडी तशीच टाकून बायका बाहेर आल्या. कारखान्यातली माणसं रंगाने माखलेल्या हातांनी गाड्यांवरून आली. फोटो आखातातही पोचला. इक्राची अम्मी, जुबेदा, अनवाणी शाळेत शिरली. तिच्या हातातल्या फोनमधून इक्राच्या अब्बांचा, अस्लमचा, आवाज येत होता. "मुलीला घे आणि वर सडकेवर जा. सामान राहू दे, पोर घे आधी."

इक्रा दारात उभी होती. अब्बांचा आवाज तिने कधी असा कापताना ऐकला नव्हता. "अब्बा, ते मी लिहिलंय," ती म्हणाली, "धड्यासाठी."

सगळं गाव तोवर बंधाऱ्यावर पोचलं होतं. बंधारा शाबूत होता. तासाभराने लोक परतले ते थेट माझ्यासमोर.

"फळा काढा भिंतीवरचा," कोणीतरी म्हणालं. "नायतर पोरांचं लिवणं बंद करा. हा काय खेळ हाय?"

आसावरीबाई पुढे आल्या. "चूक माझी आहे. मी बघायला हवं होतं."

इक्रा त्यांच्या मागे मान खाली घालून रडत होती. तिने लाल खडू माझ्या खालच्या फळीवर ठेवला आणि हात ओढणीला पुसले. पुन्हा ती माझ्याजवळ येणार नाही, हे मला कळलं. भिंतीवरून निघण्यापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात बायजाबाई काठी टेकत आली. तीही बंधाऱ्यावर गेली होती.

"फला कनाला काढताव?" ती म्हणाली. "मी तिथं बघितलं ना. निम्म्या बाप्यांच्या हातान फावडा नव्हता. खांडीत कोंबायला पेंढा कोनी आनला नाय. माती कुठशी काढायची, ह्ये एकालापन ठाव नव्हतं. उभं राहून फोटो काढीत व्हतं. खांड खरी असती तं?"

विशाल आपल्या रंगलेल्या हातांकडे बघत राहिला. "मलापन नाय ठाव, आजी," तो हळूच म्हणाला. लोकांचा मघाचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्या जागी खरी धडकी भरली.

"माजापन गुन्हा हाय," बायजाबाई म्हणाली. "या पोरीनं इचारलं म्हनून सांगितलं. तुमी इचारलं नाय, मी सांगितलं नाय." तिने खालच्या फळीवरचा लाल खडू उचलला आणि इक्राच्या हातात दिला. "लिव गो."

इक्राने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. तिने मथळा पुसला, खांडीच्या ओळी पुसल्या. पहिलं अक्षर वाकडं आलं. 'रविवारी जोळ. घरटी एक मानूस. फावडा, पेंढा घेऊन या. बायजाबाई शिकवील.'

विशालने पुन्हा मोबाईल काढला. या वेळी तो मागे मागे सरकत रस्त्यापलीकडे गेला आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चौकटीत मावल्यावरच त्याने फोटो घेतला.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसत जा, पावसाळ्यात वर गोणपाट घाला आणि माझ्यावर खिळे ठोकू नका, हे माझं नेहमीचं मागणं आहेच. पण त्याहून एक मोठं आहे. वाचाल तर वरच्या मथळ्यापासून वाचा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच काहीतरी विचारा. ती आपणहून सांगत नाहीत.

रविवारी मी भिंतीवर एकटाच होतो. शाळा बंद, रस्ता ओस, घरांना कड्या. सगळं गाव बंधाऱ्यावर गेलं होतं.